करंडकापलीकडचे नाटक : महाविद्यालयीन कलाहंगामाचा विचार

प्रस्तावना :

पुण्यातील महाविद्यालयांचा सांस्कृतिक हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा रंगते. पुढे विद्यापीठाचा युवक महोत्सव, मग स्नेहसंमेलन आणि वर्ष सरत आले की फिरोदिया करंडक, असा त्याचा साधारण क्रम असतो. या हंगामाविषयी प्रामुख्याने दोन प्रकारचे लेखन आढळते : वार्षिक अहवालातील पारितोषिकांची यादी आणि माजी विद्यार्थ्यांच्या हळव्या आठवणी. या प्रयोगांकडे कलाकृती म्हणून क्वचितच पाहिले जाते. स्पर्धेचे स्वरूप आणि प्रयोगाचे रूप यांतील संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्पर्धेचे ऋण :

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. मराठी रंगभूमीवर तिचे ऋण मोठे आहे. रंगमंचाची वेळ पाळणे, संहिता मुखोद्गत करणे, मिळालेल्या मोजक्या मिनिटांत नेपथ्य मांडून ते तितक्याच तत्परतेने काढणे, ही शिस्त कित्येक पिढ्यांना तिने लावली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा दिग्दर्शक पटेल होते आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत आगाशे होते. पुढे १९७३ साली थिएटर अकॅडमी उभी राहिली. या इतिहासाचा दाखला स्पर्धेच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. मात्र त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. या मंडळींनी नाटकाला महाविद्यालयीन वर्षांपुरते मर्यादित ठेवले नाही. वाचन, वाद, तालीम आणि पुन्हा प्रयोग अशी वाट त्यांनी स्वतःसाठी घडवली.

नियम आणि रूप :

पुरुषोत्तम करंडकात लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर असतो. तांत्रिक झगमगाटाला तेथे फारसे स्थान नाही. फिरोदिया करंडकात याउलट गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या असतात. एकाच महाविद्यालयातील, बहुधा त्याच मुलामुलींचा संघ सहा महिन्यांच्या अंतराने दोन भिन्न रूपे साकारतो. पहिल्या रूपात शब्द आणि देह यांवाचून आधार नसतो. दुसऱ्या रूपात कथानकाला प्रत्येक कलेसाठी जागा करून द्यावी लागते. चित्रकाराने रंगमंचावर चित्र का काढावे, याचे कारण गोष्टीतूनच यावे लागते. जेथे हे कारण सापडते तेथे सादरीकरण एकसंध होते. जेथे सापडत नाही तेथे कथा ही केवळ कार्यक्रमपत्रिका उरते.

नियम जाचक असतात असे मात्र नव्हे. मर्यादेमुळे कल्पकतेला धारच येते. अडचण उद्भवते ती संघ नियमाऐवजी परीक्षकांच्या आवडीचा अंदाज बांधू लागतात तेव्हा. मग गतवर्षी गाजलेल्या एकांकिकेची छाया यंदाच्या दहा एकांकिकांवर पडते. समूहाच्या लयबद्ध हालचाली, प्रेक्षकांना थेट उद्देशून केलेले स्वगत, शेवटच्या मिनिटातील धक्का आणि लगेच अंधार, ही युक्ती पहिल्यांदा पाहताना प्रभावी वाटते. पाचव्यांदा पाहताना मात्र लेखकाला विषयाबद्दल काही म्हणायचे होते की नाही, अशी शंका येते. शेतकऱ्याची आत्महत्या असो वा जातीचा प्रश्न, विषयाचे गांभीर्य उसने घेता येते. अनुभव उसना घेता येत नाही.

२०२२चा निर्णय :

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२२मधील घटना विचारात घ्यावी लागते. त्या वर्षी एकही एकांकिका पुरुषोत्तम करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना तो दर्जाचा आग्रह वाटला, तर काहींना महासाथीत दीर्घकाळ बंद राहिलेल्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलांवर अन्याय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ‘दर्जा खालावला असेल, तर तो घडवण्याची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न त्या चर्चेत बाजूला पडला. परीक्षक एका संध्याकाळचे असतात. महाविद्यालय वर्षभराचे असते.

महाविद्यालयाची जबाबदारी :

अनेकदा असे दिसते की, एकांकिका ज्या महाविद्यालयाच्या नावाने सादर होते, तेथील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ती पाहिलेलीच नसते. नाट्यगृहात घोषणा देणारे समर्थक असतात. पण समर्थक आणि प्रेक्षक यांत फरक आहे. तालीम रात्री कोठल्या तरी रिकाम्या वर्गात होते, बाहेरचा दिग्दर्शक येतो, स्पर्धा संपते आणि संहिता विस्मरणात जाते. यश मिळाल्यास प्रवेशद्वारावर फलक लागतो. २०१७ साली सुधारलेल्या नॅकच्या मूल्यांकन-पद्धतीतही पारितोषिकांची आणि कार्यक्रमांची संख्या विचारलेली होती. जे मोजले जाते तेच जपले जाते, हे येथेही खरे ठरले.

उपाय खर्चिक नाहीत. एकांकिकेचा पहिला प्रयोग महाविद्यालयाच्या स्वतःच्या सभागृहात व्हावा आणि त्यानंतर तासभर मोकळी चर्चा व्हावी. मराठी विभागाने संहितेचे वाचन ठेवावे. दरवर्षीच्या संहिता ग्रंथालयात जतन कराव्यात, म्हणजे नव्या संघाला आधीच्या चुका तरी वाचता येतील. पराभूत एकांकिकेचाही किमान एक प्रयोग पुन्हा व्हावा. स्पर्धेत हरलेले नाटक वाईटच असते असे नाही, आणि जिंकलेले पूर्ण झालेले असते असेही नाही.

समारोप :

स्पर्धेने महाविद्यालयीन रंगभूमीला व्यासपीठ दिले, यात शंका नाही. परंतु व्यासपीठ म्हणजे शाळा नव्हे. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना आपल्या काळाविषयी काही म्हणायचे असते आणि ते कसे म्हणावे हे शिकण्यासाठी त्यांना निकालाखेरीज प्रतिसादाचीही गरज असते. तो प्रतिसाद देणे हे महाविद्यालयाचे काम आहे. ते झाले, तर एखाद्या वर्षी करंडक कोणालाच मिळाला नाही तरी हंगाम वाया गेला असे म्हणावे लागणार नाही.