शब्दांवाचूनची दास्तान : कझाक 'कुय' आणि साहित्याची व्याख्या

सर्व हुन्नरांत जिभेचा हुन्नर अव्वल, अशा अर्थाची एक म्हण कझाक भाषेत आहे. गवताळ मैदानांतून घोड्यामेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या या समाजाने वक्तृत्वाला, हजरजबाबी काव्याला आणि दास्तान सांगणाऱ्याला जो मान दिला, तो पाहता ही म्हण अतिशयोक्त वाटत नाही. दोन कवी समोरासमोर बसून दोम्ब्राच्या साथीवर पद्यात वाद घालतात, ती 'ऐतिस' ही स्पर्धा कझाकांमध्ये आजही भरगच्च श्रोत्यांपुढे रंगते. कलगी-तुऱ्याचा सामना ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तिचे स्वरूप समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. परंतु नेमक्या याच जिव्हाप्रेमी समाजाने शब्दाला पूर्ण फाटा देऊन कथा सांगणारा एक प्रकार निर्माण केला, ही बाब मात्र थांबून विचार करण्याजोगी आहे. हा प्रकार म्हणजे 'कुय' होय. दोन तारांच्या दोम्ब्रावर एकट्याने वाजविलेली, बहुधा दोन-चार मिनिटांत संपणारी ही रचना. ती वाजविणारा तो 'कुयशी'.

कुयची गणना सर्वत्र संगीतात केली जाते. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१४ साली 'दोम्ब्रा कुय' या पारंपरिक कलेचा समावेश झाला. कझाकस्तानात २०१८ पासून जुलैचा पहिला रविवार दोम्ब्रा दिन म्हणून पाळला जातो. हा गौरव योग्यच आहे. तथापि संगीताच्या खात्यात नोंद झाली की साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही, असा जो समज होतो, तो तपासून पाहावयास हवा. कुय हा कझाक अदबियातचाच एक भाग आहे, आणि विसाव्या शतकात त्याला वाचविण्यासाठी जे उपाय झाले त्यांत त्याचे हेच अंग सर्वांत अधिक दुखावले गेले.

प्रथम शब्दांकडे पाहू. कझाकमध्ये कलेला 'ओनेर' म्हणतात. हा फारसी 'हुनर'च होय. मराठीत आलेला हुन्नर कारागिरीपुरता आणि पुढे 'हुन्नरी' माणसापुरता आकसला, तर कझाक भाषेत त्याच शब्दाने काव्य, संगीत, चित्र या साऱ्यांना आपल्या पोटात घेतले. साहित्याला तेथे 'अदेबियेत' म्हणतात आणि मौखिक साहित्याला तोंडाचे अदेबियेत. 'कुय' हा शब्द मात्र तुर्की कुळातला आहे आणि त्याचे दोन अर्थ आहेत. एक, वाद्यावरची रचना. दुसरा, अवस्था, मनाची वा प्रकृतीची स्थिती. उर्दूत याला 'हाल' किंवा 'कैफियत' म्हणता येईल. गंमत अशी की 'कैफियत' या शब्दाचा मराठीत अर्थ होतो घडल्या गोष्टीचे निवेदन. पेशवाईच्या दप्तरांत गावोगावच्या आणि घराण्यांच्या कैफियती आहेत. उर्दूतली मनोवस्था आणि मराठीतले निवेदन हे दोन्ही अर्थ एकत्र केले तर कुय म्हणजे काय याच्या बऱ्याच जवळ जाता येते.

अख्मेत बायतुर्सिनुली या थोर भाषाशास्त्रज्ञाने १९२६ साली 'अदेबियेत तानित्किश' हा ग्रंथ लिहिला. कझाक साहित्यशास्त्राचा पाया त्यातच घातला गेला. त्यात वास्तू, शिल्प, चित्र, संगीत आणि शब्द अशा पाच कला मानून, आधीच्या चारही कलांचे काम शब्दकला आपल्या परीने करू शकते, असा विचार मांडला आहे. म्हणीतला जिभेचा मानच येथे शास्त्राच्या भाषेत आला आहे. या मांडणीला विरोध करण्याचे कारण नाही, पण तिची दुसरी बाजू राहून जाते. शब्द जर संगीताचे काम करू शकतो, तर संगीत शब्दाचे काम करू शकते काय? बायतुर्सिनुलींच्या आधी कित्येक पिढ्या त्यांच्याच समाजातील कुयशींनी या प्रश्नाला होकार दिला होता.

'अक्साक कुलान' म्हणजे लंगडा कुलान. कुलान हे मध्य आशियातील रानगाढव, कच्छच्या रणातील खुराचे भाऊबंद. या जुन्या कुयची आख्यायिका अशी. खानाचा मुलगा शिकारीला गेला आणि कळपातल्या एका लंगड्या कुलानच्या पाठलागात मेला. ही बातमी जो तोंडाने सांगेल त्याच्या घशात वितळलेले शिसे ओतीन, असे खानाने बजावले होते. कोणी पुढे येईना. अखेर एक कुयशी खानासमोर बसला आणि त्याने एक शब्दही न बोलता दोम्ब्रा वाजविला. कळपाची धाव, लंगड्या प्राण्याची अडखळती चाल, मग शोक. खानाने ओळखले. आपला मुलगा मेला, हे वाक्य त्याच्याच तोंडून बाहेर पडले. शिक्षा ठरलेली होती आणि बातमी तर दोम्ब्राने दिली होती. म्हणून शिसे दोम्ब्रावर ओतले गेले. दोम्ब्राच्या पृष्ठभागावरचे छिद्र तेव्हापासूनचे, असे सांगतात.

काही ठिकाणी हा खान म्हणजे चंगीझ आणि मेलेला मुलगा जोची, तर काही ठिकाणी जोची हाच बाप. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सिद्ध करता येणार नाहीत आणि त्याची आवश्यकताही नाही. महत्त्वाचे हे की, ही आख्यायिका कुयचे काव्यशास्त्रच सांगते. सत्य इतके जड आहे की शब्दाला ते पेलवत नाही. वादक ते सुचवितो. आणि अर्थ श्रोता स्वतः उच्चारतो. उर्दू समीक्षेत 'ईमा' आणि 'किनाया' यांची जी चर्चा होते, किंवा संस्कृत साहित्यशास्त्रात ध्वनीची, तिला इतके नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. येथे तर ध्वनी हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो!

ही केवळ एका कथेतली कल्पना असती तर तिच्यावर एवढा भार टाकता आला नसता. पण कझाक मौखिक साहित्यात 'येस्तिर्तु' नावाचा एक पद्यप्रकारच आहे. मृत्यूची बातमी आप्ताला सरळ न देता रूपकाच्या आडून, पक्षी उडाला, अशा वळणाने द्यावयाची. त्यापाठोपाठ सांत्वनाचे पद्य येते, त्याला 'जुबातु' म्हणतात. 'अक्साक कुलान' हे शब्दांवाचूनचे येस्तिर्तु आहे. तात्तिम्बेत (१८१५–१८६२) या कुयशीच्या 'कोसबासार' नावाच्या कुयमालिकेविषयीही असेच सांगितले जाते की, मुलाच्या मृत्यूने खचलेल्या एका बापापुढे बसून तो एकामागून एक कुय वाजवीत गेला, तोवर की त्या बापाने मान वर केली. म्हणजे जे काम पद्य करीत असे तेच काम, त्याच सामाजिक प्रसंगी, कुय करीत होते. प्रसंग तोच, श्रोता तोच, हेतू तोच. मग एकाला साहित्य म्हणावयाचे आणि दुसऱ्याला नाही, हे कोणत्या न्यायाने?

कुयच्या रचनेतही हे दिसते. कझाकस्तानात दोन वादनशैली मानल्या जातात. पश्चिमेकडील 'तोक्पे'मध्ये मनगटाच्या झोकाने दोन्ही तारा एकदम छेडतात, तर मध्य व पूर्व भागातील 'शेर्त्पे'मध्ये बोटांनी तारा खुडतात. तोक्पेचा वेग अंगावर येतो, शेर्त्पे गाण्याच्या अंगाने जाते. तोक्पे कुयच्या भागांची नावे लक्षणीय आहेत. दोम्ब्राच्या शिराकडचा तो 'बास बुइन', मधला 'ओर्ता बुइन', आणि दांडी जेथे पोटाला मिळते त्या बाजूचे उंच स्वरांचे दोन भाग म्हणजे लहान आणि मोठा 'सागा'. बास म्हणजे डोके. सागा म्हणजे नदीचे मुख. वादकाचा हात डोक्यापासून निघतो, पुढे सरकतो, पुन्हा मागे येतो, अखेर मुखाशी पोचतो आणि परततो. बगदाउलेत अमानोव यांच्यासारख्या अभ्यासकांनी या संज्ञांचा सूक्ष्म विचार केला आहे. प्रवास आणि परतणे ही भटक्या जीवनाची चाल येथे थेट वाद्याच्या दांडीवर उमटली आहे. कथानकाला आणखी काय लागते?

आता विसाव्या शतकाकडे वळणे भाग आहे, कारण आज आपल्यापर्यंत जो कुय पोचतो तो त्या शतकाच्या हातून आलेला आहे. अलेक्सांद्र झाताएविच यांनी १९२५ मध्ये एक हजार आणि १९३१ मध्ये पाचशे कझाक गीते व कुय स्वरलिपीत छापले. १९३४ मध्ये अख्मेत झुबानोव (१९०६–१९६८) यांनी अल्मा-आता येथे दोम्ब्रावादकांना एकत्र करून त्या वाद्यवृंदाचा पाया घातला, जो पुढे १९४४ पासून कुर्मांगाझीच्या नावाने ओळखला जातो. नमुना रशियन लोकवाद्यवृंदाचा होता. दोम्ब्राचे लहानमोठे आकार बनविले गेले, आतड्याच्या पडद्यांची जागा पक्क्या पडद्यांनी घेतली, बारा स्वरांचे पाश्चात्त्य सप्तक त्यावर बसविले गेले आणि समोर संचालक उभा राहिला.

या वाद्यवृंदावर नाके मुरडणे सोपे आहे. तसे करण्यापूर्वी १९३४ ही तारीख नीट वाचावी. सक्तीने भटकेपण मोडून वसाहती करण्याचा आणि कळप हिरावून घेण्याचा जो कार्यक्रम राबविला गेला, त्यातून १९३० ते १९३३ या काळात भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांत बहुसंख्य कझाक होते. ज्या तंबूत, ज्या माणसांपुढे कुय वाजत असे, तो तंबू आणि ती माणसेच उरली नव्हती. श्रोता नाहीसा झालेल्या कलेला झुबानोव यांनी रंगमंच मिळवून दिला. अख्मेत यांचे थोरले बंधू कुदायबेर्गेन (१८९९–१९३८) हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९३६ मध्ये कुय या प्रकाराच्या उगमावर निबंध लिहिला. भाषेच्या अभ्यासकाला कुय हा आपला विषय वाटावा, ही बाब प्रस्तुत संदर्भात बोलकी आहे. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. बायतुर्सिनुली तर १९३७ मध्येच मारले गेले होते. साहित्याच्या बाजूने कुयकडे पाहू शकणारी माणसे संपली. उरला तो रंगमंच. धाकट्या भावाने त्यानंतरही काम सोडले नाही. गायक-रचनाकारांवरील त्यांच्या १९६३ च्या पुस्तकाचे नाव 'झमाना बुलबुलदारी', म्हणजे जमान्याचे बुलबुल. उर्दूच्या विद्यार्थ्याला यासाठी कोश उघडावा लागणार नाही.

एवढे मान्य करूनही हानीचा हिशेब मांडावाच लागतो. पडदे आणि तारा बदलल्याची हानी संगीतज्ञ सांगतील. साहित्याच्या दृष्टीने हानी अशी की, कुयशी वाजविण्यापूर्वी जी आख्यायिका सांगत असे तिला वाद्यवृंदात जागा राहिली नाही. चाळीस-पन्नास वादकांपैकी ती सांगणार कोण? तिची जागा निवेदकाच्या एका ओळीने किंवा छापील कार्यक्रमपत्रिकेने घेतली, आणि त्या ओळीत बहुधा काळाला सोयीची गोष्ट आली. कुर्मांगाझी सागिरबायुली हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा कुयशी. 'किश्केंताय' या त्याच्या कुयचा संबंध १८३६–३८ च्या इसाताय तायमानूलीच्या उठावाशी जोडला जातो. तुरुंगातून पळाल्याचा त्याचा कुय आहे, आईला उद्देशून आहे. सोव्हिएत काळात त्याची लोकवीराची, बंडखोराची मूर्ती तेवढी ठसठशीत कोरली गेली. ती खोटी नव्हती. पण आईपुढे उभा असलेला कुर्मांगाझी तिच्यात मावत नव्हता.

याउलट बाजूही पाहावी. 'सारी-आर्का' किंवा 'अदाय' हे त्याचे कुय कोणतीही गोष्ट ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही जागेवर बसू देत नाहीत. तेव्हा आख्यायिकेशिवाय कुय निरर्थक, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आग्रह होईल. शिवाय आख्यायिका बदलत असते आणि स्वर टिकून राहतात, हे 'अक्साक कुलान'च्या बाबतीत दिसलेच. मग आख्यायिकेला कुयचा 'अर्थ' म्हणता येत नाही. गझलेच्या शेरामागे सांगितला जाणारा प्रसंग जसा शेराचा अर्थ नसतो, पण तो ऐकल्यावर शेर वेगळा लागतो, तसे हे नाते आहे. फरक इतकाच की शेराजवळ स्वतःचे शब्द असतात. कुयजवळ ते नाहीत, म्हणून त्याला प्रसंगाची गरज शेरापेक्षा अधिक आहे. युनेस्कोच्या नोंदीतही कुयसोबत कथा-आख्यायिका सांगितल्या जातात हे नमूद आहे. यादीने जे ओळखले ते रंगमंचाने अजून पुरते ओळखलेले नाही.

दोन्ही काळांना जोडणारी एक स्त्री होऊन गेली, तिचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दीना नुर्पेइसोवा (१८६१–१९५५) लहानपणी खुद्द कुर्मांगाझीकडे शिकली. १९४४ मध्ये ताश्कंदच्या संगीत महोत्सवात ८३ वर्षांच्या दीनाने दोम्ब्रा वाजवून मैफल जिंकली. १९१६ च्या उठावाच्या वर्षावर तिचा कुय आहे, युद्धावर जाणाऱ्या मुलाला आईने दिलेल्या आज्ञेवर आहे, 'बुलबुल' या नावाचाही आहे. वाद्यवृंदाच्या युगात राहूनही ती गुरूचे कुय एकटीने, आपल्या हाताने वाजवीत राहिली. तिच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि त्याच रचना वाद्यवृंदानेही वाजविल्या आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास पहिल्यात एक माणूस काही सांगत असल्याचे जाणवते, दुसऱ्यात पुष्कळ माणसे मिळून काही साजरे करीत असल्याचे.