थांबणे म्हणजे गोठणे नव्हे

बोईसरच्या फलाटावर डहाणू लोकलची वाट पाहताना आपले कान उद्घोषणेकडे असतात. फलाट बदलला, तर आपण लगेच जिना चढतो. प्रोग्राम मात्र रिकाम्या लूपमध्ये वाट पाहू लागला, की माउसच्या क्लिक नुसत्या रांगेत पडून राहतात. विद्यार्थी म्हणतो, ‘हँग झाला!’ १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये यावर ‘डूइव्हेंट्स’ हा उपाय आहे: मध्येच ही रांग उरकून घ्यायची. उपाय सोपा, पण फसवा. त्या रांगेत तेच बटण पुन्हा दाबलेले असेल, तर पहिले काम अर्धवट असतानाच ते दुसऱ्यांदा सुरू होते. लूप प्रोसेसरला फुकट राबवतो, ते वेगळेच. म्हणून आम्हाला वाटते, वर्गात आधी टायमर शिकवावा; वेळ झाली की तोच हाक मारतो. डूइव्हेंट्स वापरायचेच, तर काम संपेपर्यंत बटण बंद ठेवावे.