मी, माझे पात्र आणि खेळाचा नकार

फॅन्टसी व्हिडिओ गेम सुरू केला की पहिला अर्धा तास बहुतेकांचा चेहरा घडवण्यात जातो. वंश कोणता, उंची किती, केस कसे, गालावर व्रण हवा की नको. हे ठरवताना खेळाडू एक प्रश्न मनातल्या मनात सोडवत असतो: या जगात मी स्वतः उतरणार आहे, की माझ्या हातून दुसरेच कोणी तिथे वावरणार आहे? काही जण आपल्यासारखा चेहरा आणि आपलेच नाव घेऊन आत शिरतात, आणि पुढचे शंभर तास प्रत्येक प्रसंगी ‘मी इथे असतो तर काय केले असते’ एवढेच स्वतःला विचारतात. काही जण आधी एक माणूस रचतात. कर्जात बुडालेला सरदारपुत्र किंवा देवावरचा विश्वास उडालेली पुजारीण. मग स्वतःला न पटणारे निर्णयही त्या माणसाच्या स्वभावाला धरून घेतात. आरपीजी, म्हणजे पात्र होऊन खेळायचे खेळ, खेळणाऱ्यांत हा वाद जुना आहे आणि दोन्ही पक्षांना समोरच्याची रीत कमअस्सल वाटते. माझ्या मते या दोन्ही रीती एकाच गोष्टीवर जगतात: खेळाने खेळाडूला ‘नाही’ म्हणण्याची ताकद राखली पाहिजे. गेल्या वीस वर्षांत मोठ्या बजेटच्या खेळांनी नेमकी तीच पातळ करत नेली आहे.

मूळ परंपरा टेबलावरची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या युद्धखेळांत एक माणूस अख्खे सैन्य हलवायचा. इथे एका खेळाडूकडे एकच पात्र आले. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी अशा खेळाडूंच्या गटांत बसून ‘शेअर्ड फॅन्टसी’ (१९८३) हे पुस्तक लिहिले. टेबलाभोवतीचा माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो, असे त्यांनी दाखवले: घरदार असलेली व्यक्ती, नियम आणि फासे सांभाळणारा खेळाडू, आणि कथेतले पात्र. टेबलावर या तिन्हींत येजा सोपी असते, कारण समोर खेळ चालवणारा जिवंत माणूस असतो. तुमचा धर्मनिष्ठ योद्धा विनाकारण चोरी करू लागला तर तो भुवई उंचावतो, कारण विचारतो, परिणाम दाखवतो. संगणकाला ही भुवई नाही. ती कशी आणायची, हाच संगणकावरच्या आरपीजीचा पन्नास वर्षांचा प्रश्न आहे.

‘स्वतः म्हणून खेळणे’ या रीतीला सर्वांत गंभीरपणे घेतले ते रिचर्ड गॅरियट यांनी. त्यांचा ‘अल्टिमा ४’ १९८५ चा. सुरुवातीला एक भविष्यवेत्ती स्त्री पत्ते मांडते आणि नैतिक पेच घालते. प्रामाणिकपणा की करुणा, न्याय की त्याग, अशा आठ सद्‌गुणांच्या जोड्या लावत सात प्रश्नांत ती तुमचा कल ओळखते आणि त्यावरून तुमचा पेशा ठरतो. नम्रतेला सर्वांत वर ठेवणारा खेळाडू मेंढपाळ होऊन सुरुवात करतो. हा पेशा सगळ्यांत दुबळा. पुढे जगात उतरल्यावर खेळ गुपचूप हिशेब ठेवतो. जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे. तिला कमी पैसे मोजले तर ती ओरडत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा खालावतो. लढाईतून पळालात की शौर्य घटते. कोणा महाराक्षसाला मारून हा खेळ संपत नाही. आठही गुणांत सिद्ध होणे हेच त्याचे ध्येय. ‘ते मी नव्हे, माझे पात्र होते’ ही पळवाट गॅरियट यांनी बंद केली. खेळाडू स्वतःच पृथ्वीवरून त्या जगात आलेला असल्यामुळे जबाबदारीही त्याचीच. स्वतः म्हणून खेळणे म्हणजे सोपा मार्ग, असे मानणाऱ्यांनी हा खेळ आठवावा. इथे ‘मी’ला रोज परीक्षा आहे.

दुसऱ्या टोकाचे मोठे उदाहरण ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९). नायक शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही आणि मरणही नाही. स्मृती गेलेला नायक ही खेळाडूसाठी सोयीची जागा असते, कारण दोघांनाही सारखेच काही माहीत नसते. पण हा खेळ त्या रिकाम्या जागेत हळूहळू भूतकाळ भरतो. याच देहाने आधीच्या जन्मांत माणसे वापरली, फसवली, उद्ध्वस्त केली, आणि त्यांतली काही आजही त्याच्या सोबत चालत आहेत. तुम्ही कितीही सज्जनपणे वागलात तरी हे ऋण तुमच्या खात्यावर राहते. या खेळातली एक युक्ती मला अजून कुठे इतकी नेमकी दिसलेली नाही. संवादाच्या यादीत कधी कधी तेच वाक्य दोनदा येते, एकदा खरे म्हणून आणि एकदा खोटे म्हणून. समोरच्याला ऐकू येणारे शब्द तेच, पण बोलणाऱ्याच्या मनातला हेतू तुम्ही निवडायचा आणि खेळाने त्याची नोंद घ्यायची. पात्राला अंतरंग असते हे मान्य करणारी ही रचना आहे. आजच्या कोट्यवधी डॉलरच्या खेळांत चेहऱ्याचा प्रत्येक स्नायू हलतो, पण बोलणारा खरे बोलतोय की खोटे, हे खेळ क्वचितच विचारतो.

उतार कुठून लागला ते बेथेस्डाच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत स्वच्छ दिसते. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) एखाद्या संघात वरचे पद हवे तर त्या संघाला लागणारी कौशल्ये अंगी असावी लागतात. तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाचे झालात की बाकी दोघांची दारे बंद. कथेला आवश्यक माणूसही तुम्ही मारू शकता; नियतीचा धागा तुटल्याची सूचना येते आणि खेळ तुम्हाला त्या बिघडलेल्या जगात सोडून देतो. ‘स्कायरिम’ (२०११) हा याच मालिकेतला अफाट लोकप्रिय खेळ. डोंगर, बर्फ आणि वाटा यांचे त्यातले सौंदर्य कोणी नाकारू नये. पण तिथे जेमतेम चार मंत्र टाकणारा योद्धा जादूगारांच्या महाविद्यालयाचा प्रमुख होतो. तोच चोरांचा म्होरक्या, तोच मारेकऱ्यांच्या टोळीचा वरिष्ठ आणि तोच वीरांच्या पथकाचा नायक. महत्त्वाच्या माणसावर तलवार चालवलीत तर तो गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळाने उठून उभा राहतो. सगळ्यांना सगळे काही मिळते. त्यामुळे लढाया कशाही पद्धतीने सुरू केल्या तरी बहुतेकांचे पात्र शेवटी लपून बाण मारणारा धनुर्धर होते, हे स्कायरिमच्या खेळाडूंत सर्वमान्य निरीक्षण आहे. ज्या पात्राला काहीच नाकारले जात नाही, ते सोयीच्या उताराने घरंगळत जाते. आणि त्यात स्वतःला पाहणाऱ्याच्या हाती तरी काय लागते? ‘मी कोण’ या प्रश्नाला ‘सगळेच’ असे उत्तर मिळाले, तर तो प्रश्न विचारलाच गेला नाही असे समजावे.

आवाजानेही पात्राचे दान बदलले. बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) नायकाला आवाज नव्हता. पूर्ण वाक्ये समोर यायची आणि त्यांचा सूर खेळाडूने मनात लावायचा. त्या खेळाने आरंभाच्या सहा वेगवेगळ्या कथा दिल्या. बुटक्यांच्या राज्यात जातीबाहेरचा म्हणून जन्मलेल्या नायकाच्या चेहऱ्यावर हलक्या जन्माची खूण म्हणून डाग उमटवलेला असतो. पुढे तोच माणूस जगाला वाचवण्याच्या कामगिरीवर त्याच नगरात परततो, तेव्हा उच्चकुलीनांच्या नजरा आधी त्या डागावर जातात. हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. हा डाग खेळाडू पुसू शकत नाही, आणि म्हणूनच त्या नगरातले प्रत्येक वाक्य निवडताना हात थांबतो. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात नायकाला आवाज मिळाला आणि संवादाचे चक्र आले. त्यावर त्रोटक शब्द दिसतात आणि निवडल्यावर नायक भलतेच लांबलचक काही बोलतो. ‘फॉलआउट ४’ने (२०१५) हीच वाट धरली तेव्हा खेळाडूंनीच खेळात फेरफार करून पूर्ण वाक्ये दाखवणारे ‘मॉड’ तयार केले. आपले पात्र काय बोलणार हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर ते पात्रही आपले नाही आणि तो ‘मी’ही नाही.

मग आवाज असलेला, पूर्ण घडलेला नायक वाईटच का? ‘द विचर ३’ (२०१५) याचे उत्तर देतो. आंद्रेय सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांतून आलेला गेराल्ट तुमच्या हाती येतो तो पन्नास वाटांवर ‘नाही’ असे आधीच ठरवून. तो राजा होणार नाही, पुजारी होणार नाही, आपल्या मानसकन्येला, सिरीला, विसरणार नाही. उरलेल्या अरुंद पट्ट्यात मात्र तो तुमचा आहे. दारुड्या, बायकोला मारहाण करणाऱ्या सरदाराच्या प्रकरणात त्याच्याशी कठोर वागायचे की त्याच्या पश्चात्तापाला जागा द्यायची, हे ठरवताना तुमचा गेराल्ट आणि माझा गेराल्ट वेगळे होतात. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) याहून पुढे गेला. नायक ठरलेला, त्याची पडझडही ठरलेली. पण त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्ये स्वतंत्र आवाजात बोलतात, भांडतात, चुकीचा सल्ला देतात. कोणाचे ऐकायचे एवढेच खेळाडूकडे.

ठरलेल्या भूमिकेतले हे स्वातंत्र्य आपल्याला नवे नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात नटाच्या हातात लिखित संवाद नसतात. आख्यान ठरलेले, भूमिका ठरलेली. बोलणे मात्र उभ्या उभ्या सुचते. त्यातला संकासुर राक्षस काहीही बोलू शकतो, पण ते संकासुरालाच शोभले पाहिजे. उत्तम आरपीजी खेळाडूकडून नेमकी हीच शिस्त मागतो.

आता आकडे पाहू. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने त्यात भूतकाळासह तयार असलेली पात्रे खेळायला दिली होती, तरी वर्षभराने जाहीर झालेल्या आकड्यांनुसार ९३ टक्के खेळाडूंनी स्वतः घडवलेले पात्र निवडले. त्याआधी २०२० मध्ये, खेळ अपूर्ण अवस्थेत उपलब्ध असताना, सर्वाधिक निवडलेल्या पर्यायांतून तयार होणारा चेहरा किती सामान्य आहे याबद्दल लॅरियनने खेळाडूंना प्रेमाने टोकले होते: शिंगे, शेपट्या, सैतानी डोळे दिले असताना तुम्ही साधा माणूसच का घडवता? बायोवेअरच्या एका माजी कर्मचाऱ्याने ‘मास इफेक्ट’बद्दल सांगितलेला आकडाही असाच: सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनाचा मार्ग धरायचे. यावरून लोकांना दुसरे कोणी व्हायचेच नसते, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. बऱ्याच खेळांत दुर्जनाची वाट म्हणजे उगाच केलेला उर्मटपणा असतो. तिला कारण नसते, मोह नसतो. ज्या वाटेवर माणूसच नाही तिकडे लोक जात नाहीत, इतकेच हे आकडे सांगतात.

‘बाल्डर्स गेट ३’नेच याला उत्तर दिले आहे. त्यातल्या ‘डार्क अर्ज’ या पात्राला चेहरा तुम्ही देता, पण रक्ताची ओढ खेळाने दिलेली असते. एका रात्री छावणीत आलेली गायिका सकाळी मेलेली सापडते आणि हात तुमचे रंगलेले असतात. त्यानंतरचा प्रत्येक चांगला निर्णय कमावलेला असतो, कारण त्याला विरोध करणारे काहीतरी आत बसलेले आहे. याच खेळात निर्वासितांवर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतलीत तर विल आणि कार्लाक हे साथीदार तुम्हाला सोडून जातात. हा नकार आहे, आणि त्यानेच त्या निर्णयाला वजन येते.

भाषाशास्त्रज्ञ जेम्स पॉल गी यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात ‘आर्केनम’ या खेळाचा अनुभव सांगितला आहे. त्यांचे पात्र अर्धी एल्फ असलेली बीड बीड. एका वृद्धाने तिच्या हाती दिलेली अंगठी त्यांनी तिला विकायला लावली आणि नंतर त्यांना त्याची खंत वाटत राहिली. नियमाने त्यात काही चूक नव्हती. पण बीड बीडने जशी व्हावी असे त्यांना वाटत होते, तशी ती या कृतीने राहिली नाही. खरा मी आणि कल्पित ती यांच्या मध्ये गी तिसरी ओळख मांडतात: मला तिच्यात जे घडवायचे आहे ते. ‘स्वतः की पात्र’ या वादातली सर्वांत फलदायी जागा ही आहे. इथे खेळाडू कोणा दुसऱ्याच्या चारित्र्याची जबाबदारी घेतो. वाचक म्हणून हे आपण कधी केलेले नसते. कादंबरीतली नायिका चुकली तर आपण हळहळतो, चूक आपली नसते. या कलेचे स्वतःचे असे देणे असेल तर ते हेच.

मराठी खेळाडूच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. वर उल्लेखलेल्या खेळांपैकी एकही अधिकृतपणे मराठीत नाही. ‘मी म्हणून खेळतो’ म्हणणारा कोल्हापूरचा मुलगाही तिथे इंग्रजीतच धमकावतो, इंग्रजीतच क्षमा मागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) याने दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून आपल्या पुराणांची दुनिया उभी केली, भावाला शोधणारी राजी दिली. तो कृतिप्रधान साहसखेळ आहे. राजीच्या स्वभावाचे निर्णय खेळाडूकडे येत नाहीत. ते निर्णय देणारा, माणसाला त्याच्या गावाने, घराने, नात्यांनी घातलेल्या मर्यादांसह रंगवणारा खेळ आपल्याकडून यायला हवा. नकारांची आपल्याकडे वाण नाही, आणि त्यांच्याशी झगडून उभ्या राहिलेल्या माणसांचीही नाही.

खेळणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढचे पात्र घडवताना चेहऱ्यावर खर्च होणाऱ्या वेळातली पाच मिनिटे काढा आणि ते पात्र कधीच करणार नाही अशा तीन गोष्टी ठरवा. पात्र तुमच्यासारखेच असेल तर तुम्ही स्वतः कधीच करणार नाही अशा तीन ठरवा. मग फासा विरुद्ध पडला तरी जुना सेव्ह उघडू नका. लॅरियनने नंतर एकाच सेव्हची ‘ऑनर मोड’ आणली ती हाच मोह टाळायला. खेळ घडवणाऱ्यांकडे मागणी याहून मोठी आहे: आणखी केशरचना नकोत, बंद दारे द्या. आपल्या स्वभावापायी कोणते दार आपल्याला कायमचे बंद झाले, हे खेळाडूला सांगता आले, की तो स्वतः म्हणून खेळला की दुसरे कोणी होऊन, याने फरक पडत नाही. त्या जगात एक माणूस जगून गेला, एवढे निश्चित.