माळावर आहे काय?

‘पीएचडी कशावर करतोयस?’ या प्रश्नाला मी ‘बारामती-इंदापूरच्या माळरानांवर’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तिथं आहे काय?’

आपल्या निसर्गावरची माझी आवडती पुस्तकंही या प्रश्नाला फारशी मदत करत नाहीत. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण त्यांचं रान मुख्यतः विदर्भातलं, नवेगावबांध-मेळघाटचं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) महिन्यामहिन्यानं सृष्टी बघायला शिकवतं. दोन्ही मनात घेऊन मी एप्रिलमध्ये सुप्याच्या माळावर गेलो. सगळं पिवळं. वहीत लिहिलं, ‘पडीक.’

नंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) पुन्हा वाचली. ही कादंबरी कुणी निसर्गाचं पुस्तक म्हणून सुचवत नाही. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ही गोष्ट. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. मास्तराला ती अडचण वाटते. मला मात्र त्यात माझा सगळा विषय दिसला: वाडीचं वेळापत्रक घड्याळावर नाही, चाऱ्यावर चालतं. माळ कसा चालतो हे माडगूळकर वर्णनातून नाही, माणसांच्या रोजच्या जगण्यातून सांगतात. हीच त्यांची ताकद.

तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडतात, शाळा ओस पडते. आपण तेवढंच लक्षात ठेवतो आणि माळ म्हणजे दैना असं समजतो. पण चाऱ्यामागं हलणं ही एरवीही धनगरांची जगायची रीत आहे. दुष्काळ ती रीत मोडतो, निर्माण करत नाही.

हा फरक नुसता वाङ्मयीन नाही. माळ ‘पडीक’ ठरला की त्यावर चर खणतात, झाडं लावतात. सावली वाढली की पवन्या, मारवेल मागं हटतात. चिंकारा, खोकड, धाविक यांना तर उघडा माळच लागतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. लांडग्याला तेवढं कुठलं पुरायला? तो गायरानांतून, लोकांच्या मोकळ्या रानांतूनच फिरतो.

म्हणून आता ‘तिथं आहे काय?’ असं कुणी विचारलं की मी ‘बनगरवाडी’ हातात देतो. आणि पाऊस सरता सरता, गवत कमरेला लागतं तेव्हा, सुप्याला घेऊन जातो. वहीतला तो ‘पडीक’ शब्द मात्र खोडलेला नाही. मी काय चुकलो होतो, ते मला दिसत राहावं म्हणून.