सैनिकी कौशल्य आणि नागरी नोकरी : 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'ची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या तीन अमेरिकन सैनिकांची कथा विल्यम वायलर दिग्दर्शित 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) या चित्रपटात येते. घरी परतण्याची हृद्य कहाणी म्हणून त्याची पुष्कळ प्रशंसा झाली. तथापि, सैन्यात संपादन केलेले कौशल्य नागरी व्यवसायात कितपत उपयोगी पडते, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर तपासून पाहणे आवश्यक आहे.

फ्रेड डेरी हा हवाई दलातील कॅप्टन. विमानातून नेमका बॉम्ब टाकणे हे त्याचे काम. युद्धापूर्वी तो औषधांच्या दुकानात शीतपेये देत असे. नोकरीसाठी गेल्यावर त्याला खरेदीचा, कर्मचारी-व्यवस्थेचा अनुभव विचारला जातो आणि सांगण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नसते. तो पुन्हा त्याच दुकानात रुजू होतो. ॲल स्टीफनसन पायदळातील सार्जंट, म्हणजे हुद्द्याने फ्रेडहून कनिष्ठ. बँक मात्र त्याला बढती देऊन परत बोलावते. तारण नसलेल्या माजी सैनिकाला तो शेतीसाठी कर्ज मंजूर करतो, कारण माणूस पारखण्याची दृष्टी त्याला रणांगणावर लाभली आहे. येथे कौशल्याचे संक्रमण निःसंशय घडते. पण त्यासाठी लागणारी खुर्ची युद्धापूर्वीच त्याची होती. दिग्दर्शक हा वर्गभेद दाखवतो, त्याचा जाब मात्र विचारत नाही.

अखेरीस मोडीत निघालेल्या विमानांच्या तळावर फ्रेडला काम मिळते. विमानांच्या धातूपासून घरे बांधली जाणार असतात. बांधकाम येत नाही, पण शिकावे कसे हे येते, असे तो मुकादमाला सांगतो. विचार मार्मिक आहे; परंतु ही नोकरी निव्वळ योगायोगाची. १९४४च्या माजी सैनिकविषयक कायद्यात कर्जहमीबरोबरच शिक्षण व प्रशिक्षणाचीही तरतूद होती. फ्रेडची वाट मात्र कोणत्याही वर्गातून जात नाही.

पद्धतशीर पुनर्प्रशिक्षण दिसते ते फक्त होमरचे. दोन्ही हात गमावलेल्या या नाविकाला लोखंडी आकड्यांनी काडी ओढता येते. पुढे कोणता व्यवसाय करणार, हे मात्र कथेत ठरत नाही. ही भूमिका करणारे हॅरल्ड रसेल यांनी १९४४मध्ये लष्करातील अपघातात खरोखरच हात गमावले होते. चित्रपटानंतर ते बॉस्टन विद्यापीठात परतले आणि १९४९मध्ये त्यांनी व्यवसायशास्त्राची पदवी घेतली.