बिनफोडणीचं अवियल

आपल्याकडे भाजीची समीक्षा कानानं आणि नाकानं होते. मोहरी तडतडली, हिंग पडला, वास जिन्यापर्यंत आला, की दारात चपला काढणारा माणूस निकाल देऊन मोकळा होतो, "वा! आज बेत दिसतोय!" भाजी अजून कढईत पडायचीच असते. नाटकाचं परीक्षण तिसऱ्या घंटेलाच लिहून टाकावं तसा हा प्रकार. पण सोलापुरात तो बिनतक्रार चालत आलेला आहे.

त्यामुळे ज्या पदार्थाला फोडणीच नाही, त्याचं परीक्षण लिहायचं म्हणजे मोठी पंचाईत. अवियल हा तसला पदार्थ. केरळातली मिश्र भाजी. आठ-दहा भाज्या, ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, दही, कढीपत्ता आणि सगळ्यात शेवटी वरून कच्चं खोबरेल. मल्याळममध्ये 'आवी' म्हणजे वाफ. भाज्या वाफेवर शिजवायच्या, एवढाच नावातला मथितार्थ. तडतडणं नाही, चुरचुरणं नाही. पडदा कधी वर गेला हे प्रेक्षकाला कळतच नाही.

शिवाय घरच्या स्वयंपाकाचा समीक्षक हा मुळातच अडचणीतला प्राणी. पुस्तकाच्या परीक्षकाला पुस्तक फुकट मिळतं आणि तो निर्भीडपणे लिहितो. नवऱ्याला भाजी फुकट मिळते, पण निर्भीडपणानंतरच्या जेवणाची सोय त्याची त्यालाच करावी लागते.

अवियलचा आद्य कर्ता भीम, असं केरळात सांगतात. अज्ञातवासात तो विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावानं राहिला होता. आपण आचाऱ्याला बल्लवाचार्य म्हणतो ते त्याच्यामुळेच. तर एकदा ऐनवेळी पाहुणे आले, कोठारात कुठलीच एक भाजी पुरेशी नव्हती. भीमानं होतं-नव्हतं ते चिरलं, एकत्र शिजवलं आणि वर नारळ घातला. आता गंमत पाहा. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले वाईकर 'वाई हीच विराटनगरी' असं सांगत आलेले आहेत. दोन्ही आख्यायिका खऱ्या धरल्या, तर अवियल मूळचं सातारा जिल्ह्याचं ठरतं! पुरावाही आहे. विराटनगरी राजस्थानात धरली तर भीमानं नारळ आणला कुठून? वाईला निदान घाट उतरला की कोकण. हा सिद्धांत मी अजून कुठल्याही केरळी माणसासमोर मांडलेला नाही. मराठी रंगभूमीकडूनही या बाबतीत मदत नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली आलं, 1910 साली सरकारनं त्यावर बंदी घातली, पण त्यातल्या भीमाचं लक्ष भाजीपेक्षा कीचकाकडेच जास्त.

आमच्या घरात अवियल शिरलं ते मात्र भीमामुळे नव्हे, आमच्या साहेबांमुळे. मी बँकेत कारकून. (हल्ली या पदाला भारदस्त इंग्रजी नाव दिलंय, रांग तेवढीच आहे.) साहेब पालक्काडचे. बँकेनं त्यांना उचलून सोलापुरात आणून ठेवलेलं. एक खोली आणि एक डबा, एवढाच त्यांचा संसार. डब्यातल्या भाजीत रोज शेंगदाण्याचा कूट. कूट नसेल त्या दिवशी शेंगाचटणी. साहेब काही बोलत नसत. डबा रिकामा होई, पण जेवताना त्यांची नजर कम्प्युटरवर असे.

2025 साली तिरुओणम 5 सप्टेंबरला आलं, गणेशविसर्जनाच्या आदल्या दिवशी. मी सहज विचारलं, गावी जाणार का? ते म्हणाले, यंदा आमच्याकडे ओणम नाही. आई गेली तिला अजून वर्ष झालेलं नाही. मग व्हाउचरवर सही करता करता पुढे म्हणाले, तिच्या हातचं अवियल असायचं. आणि लगेच, पुढचं व्हाउचर.

हे मी घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "त्यांना सांगा, सण नाही तर नाही. पण भाजी खायला या."

समीक्षेचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. दुसऱ्याच्या आईचा पदार्थ आपण करायचा, तो कशाच्या जोरावर? तिच्या हाताशी बरोबरी होणारच नसते. मग आपल्या पद्धतीनं करून वाढावा की त्यांच्या? आमच्या घरात यावर दोन पक्ष पडले.

कृती मिळाली ती रेल्वे लाइन्समधल्या एका मल्याळी बाईंकडून. माप विचारलं की त्या ओंजळ दाखवत. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन महाराष्ट्रातल्या सुनांची सोय केली, त्यामुळे ओंजळ म्हटलं की आमच्या सौ.ला धडधडतं. तिनं त्या बाईंची ओंजळ वाटीनं मोजून आणली.

लक्ष्मी मंडईत मी पिशवी घेऊन गेलो. सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, पडवळ, चवळीच्या शेंगा, गाजर, काकडी, सगळं पावशेर-पावशेर. भाजीवाली बघत राहिली. "काय करलालाव साहेब येवढं? भोगी तर लई लांब हाय की!" मग मी पाव किलो कोहळा मागितला. ती म्हणाली, "दाराला टांगायला पाव किलो?" आपल्याकडे कोहळा नजर लागू नये म्हणून टांगतात. केरळात तो खातात. त्यांना बहुधा नजर आतून लागत असावी.

पण खरं युद्ध पेटलं ते तेलावर. सोलापूर हा शेंगदाण्याचा मुलूख. आम्हाला दक्षिण नवी नाही. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच नळावर भांडतात. पण आमची दक्षिण अक्कलकोटला सुरू होते आणि हैदराबादला संपते. नारळ तिच्या पलीकडचा. आमच्याकडे नारळ देवाचा, आणि खोबरेल डोक्याचं. स्वयंपाकाचं खोबरेल सौ.नं ओट्यावर ठेवलं आणि आईनं ते वास घेऊन ओळखलं.

"अगं, डोक्याचं तेल भाजीत?"

"आई, त्यांच्याकडे असंच घालतात. तेही कच्चं."

"बरं, घाल. पण आधी जरा मोहरीची फोडणी तरी दे. मोठा साहेब येणार, त्याला काय उकडलेलं वाढणार?"

"आई, आठ दिवसांपूर्वी ऋषिपंचमीच्या भाजीला फोडणी दिली होती का आपण?"

"ते व्रत होतं," आई म्हणाली. "हे जेवण आहे."

या युक्तिवादाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. पण प्रयोग सौ.च्या हातात होता.

आता प्रत्यक्ष परीक्षण. सुरणाला आधी चिंचेच्या पाण्यात ठेवलं होतं, त्यामुळे घसा खवखवला नाही. भाज्या बोटभर लांबीच्या, सगळ्या एका मापाच्या. सुरण आणि केळं आधी, मग शेवगा, पडवळ, चवळी, गाजर, आणि कोहळा-काकडी शेवटी. कारण या दोघांना पाणी सुटतं. वरून पाणी घालायचं ते तळाला लागू नये इतकंच. हळद, मीठ, झाकण. खोबरं, मिरची, जिरं जाडसर वाटलेलं. गुळगुळीत वाटलं की भाजीची कढी होते. मग घुसळलेलं दही, मंद आचेवर, उकळी न येऊ देता. काही घरांत दह्याऐवजी कैरी घालतात, पण सप्टेंबरात कैरी कुठली? गॅस बंद. वरून दोन चमचे कच्चं खोबरेल, कढीपत्ता हातानं चुरडून, आणि पुन्हा झाकण. पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

आमच्या फोडणीत वास आधी येतो आणि भाजी त्याच्या मागून. इथे सगळं उलट. पाच मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा जो वास आला, त्यानं आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. बोलली काही नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. बाईंनी मिरच्या चार सांगितल्या होत्या. सोलापूरचा हात सातवर थांबला. आपलं कच्चं केळं त्यांच्या नेंद्र केळ्याइतकं टणक नसतं, ते थोडं विरघळलं. पण मुख्य गोष्ट साधली होती. प्रत्येक भाजी आपापल्या नावानं ओळखू येत होती.

आमच्या भोगीच्या भाजीचं तसं नाही. जानेवारीतली थंडी, गड्ड्याची यात्रा, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, आणि ताटात बाजरीच्या भाकरीबरोबर भोगीची भाजी. हरभरा, पावटा, वांगं, गाजर, मटार. वर तीळ, कूट, गूळ, मसाला. ती मला प्राणप्रिय आहे. पण वाणिज्य पदवीधर म्हणून सांगतो, ते सस्पेन्स खातं आहे. जे जे आलं ते त्यात टाकलं, शेवटी शिल्लक एकच. वांगं कुठे संपलं आणि पावटा कुठे सुरू झाला हे ऑडिटरलाही सांगता येणार नाही. अवियल म्हणजे एकाच लेजरमधली स्वतंत्र खाती. पान एक, पण शेवग्याचं शेवग्याला आणि पडवळाचं पडवळाला. नारळ फक्त पुस्तक बांधतो, कुणाच्या नोंदीवर शाई सांडत नाही. आणि म्हणूनच फोडणी नको. आपली फोडणी सगळ्यांवर एकाच रंगाचा शिक्का मारते, आणि तो शिक्का सोलापूरचा असतो.

साहेब आले, बसले. कम्प्युटर नव्हता, त्यामुळे त्यांना ताटाकडेच बघावं लागलं. आधी सुरण. मग शेवगा, सावकाश, शेवटच्या धाग्यापर्यंत. मग थांबले आणि विचारलं, "पडवळ सोलापुरात मिळतं?" मिळतं, म्हटलं. पुन्हा वाढून घेतलं. शेवटी हात थांबवून म्हणाले, "माझ्या आईच्यात दही कमी असायचं."

सौ.चा चेहरा उतरला. पण समीक्षक म्हणून मी सांगतो, त्या भाजीबद्दल यापेक्षा मोठं वाक्य कुणी बोलू शकत नाही. डब्यातल्या कुटाच्या भाजीबद्दल वर्षभरात त्यांनी एकदाही आईचं नाव काढलं नव्हतं. तिथे तुलनेला जागाच नव्हती. इथे चमचाभर दह्याचाच काय तो फरक उरला होता. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. तिनं त्यांच्या हातात शेंगाचटणीची पुडी ठेवली. ते हसून 'थँक्यू' म्हणाले. बिचारे!

अवियल थोडं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला, मागोमाग हिंग, लाल तिखट आणि शेंगदाण्याचा कूट. चपला काढायच्या आतच मी निकाल देऊन टाकला. आईनं कडक भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली आणि वर ती भाजी वाढली.

"आता खा," ती म्हणाली. "काल अर्धीच झाली होती."