‘सिनेमा पॅराडिसो’ आणि अल्फ्रेदोची अमानत

जुझेप्पे तोर्नातोरे यांच्या ‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटाविषयी दर्दी प्रेक्षकांत आजही एकमत होत नाही. काहींना शेवटची पाच मिनिटे कितीही वेळा पाहिली तरी रडू आवरत नाही. काहींच्या मते हे रडू ओढूनताणून आणलेले आहे. गोंडस पोर, आंधळा म्हातारा, पाडले जाणारे जुने थिएटर आणि वर एन्नियो मोरिकोने यांचे काळीज हलवणारे संगीत. एवढे सगळे एकत्र केल्यावर कोण रडणार नाही? असा त्यांचा सवाल आहे.

दोन्ही बाजूंशी मी अर्धाच सहमत आहे. कारण हा वाद घालणारे अनेकदा एकच चित्रपट पाहून बोलत नसतात.

1988 साली इटलीत हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो 155 मिनिटांचा होता आणि तो चालला नाही. मग तो 124 मिनिटांवर आणला गेला. या छोट्या आवृत्तीला 1989 मध्ये कान महोत्सवात ज्युरींचे विशेष पारितोषिक मिळाले, 1990 मध्ये ऑस्कर मिळाले आणि ती जगभर गेली. पुढे 173 मिनिटांची दीर्घ आवृत्ती आली. अमेरिकेत ती 2002 मध्ये झळकली.

कथा सिसिलीतल्या जानकाल्दो या काल्पनिक गावाची. बाप युद्धात गमावलेला तोतो थिएटरचा ऑपरेटर अल्फ्रेदो याच्या केबिनमध्ये लहानाचा मोठा होतो. गावाचे पाद्री प्रत्येक चित्रपट आधी एकटे पाहतात. पडद्यावर चुंबन आले की घंटा वाजते आणि अल्फ्रेदो तेवढा तुकडा कापतो. तोतो ते तुकडे मागतो. अल्फ्रेदो म्हणतो, हे तुझेच, पण सांभाळीन मी. आपल्या भाषेत सांगायचे तर ही अमानत. आगीत डोळे गमावलेला हाच अल्फ्रेदो पुढे तरुण तोतोला बजावतो की गाव सोड, मागे वळून पाहू नकोस. तीस वर्षांनी तोतो, आता नामांकित दिग्दर्शक साल्वातोरे, परततो तो अल्फ्रेदोच्या मय्यतीलाच. त्याच्यासाठी एक रीळ ठेवलेले असते. त्यात कापलेली सारी चुंबने एकापुढे एक जोडलेली असतात.

छोट्या आवृत्तीत हे रीळ म्हणजे निखळ प्रेमाची भेट. दीर्घ आवृत्तीत मात्र साल्वातोरेला प्रौढ एलेना भेटते आणि कळते, की त्या दिवशी ती थिएटरात आली होती. तोतोने हे प्रेम विसरावे, गावात अडकू नये, म्हणून अल्फ्रेदोने तिला समजावून परत पाठवले होते आणि ती येऊन गेल्याचे त्याला कधीच सांगितले नाही. तिने ठेवलेली चिठ्ठी जुन्या कागदांत तशीच पडून राहिली.

अनेक रसिकांना हा भाग नकोसा वाटतो. त्याने गूढ संपते, लय बिघडते, असे ते म्हणतात. लयीबाबत त्यांचे म्हणणे खरे आहे. पण हा भाग पाहिल्यावर ध्यानात येते, की या गावात कात्री चालवणारे दोघे होते. पाद्रींनी गावाच्या भल्यासाठी चित्रपटातली चुंबने कापली. अल्फ्रेदोने पोराच्या भल्यासाठी त्याच्या आयुष्यातले प्रेम कापले. दोघांचीही नियत साफ होती आणि दोघांनीही ज्याचे त्याला विचारले नाही. फिल्मच्या तुकड्यांची अमानत अल्फ्रेदोने इमानाने परत केली. एलेनाच्या येण्याची बातमी मात्र त्याने दाबून ठेवली, आणि ती खयानतच होती.

साल्वातोरेला कीर्ती मिळाली. पण आई त्याला म्हणते, की फोन केला की दर वेळी वेगळीच बाई बोलते आणि एकीच्याही आवाजात माया ऐकू येत नाही. हे वाक्य छोट्या आवृत्तीतही आहे. म्हणजे हिशेब तिथेही मांडलेला आहे, फक्त संगीताच्या ओघात आपण तो वाचत नाही.

म्हणून रडणाऱ्यांना आणि नाके मुरडणाऱ्यांना एकच विनंती. दोन्ही आवृत्त्या पाहा. शेवटच्या रीळाला डोळे दोन्ही वेळा भरतील. दुसऱ्या वेळी मात्र अल्फ्रेदोला माफ करायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवावे लागेल. आपल्या घराघरांतही ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणत कात्री हाती घेणारे वडीलधारे असतातच.